रक्ताची साक्ष आणि तिची उलटतपासणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते सर रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या रकान्यात कुणी निष्कर्ष लिहिला, की ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. डोळ्यांना दिसलं ते एका रकान्यात, त्यावरून मनात आलं ते दुसऱ्या. रक्तातले अमली पदार्थ कसे ओळखतात, हा आजचा विषय आहे आणि मला सांगायचं आहे ते या दोन रकान्यांबद्दलच. रक्तात काय सापडलं ही एक गोष्ट. तो माणूस नशेत होता, गुन्हेगार होता किंवा मूल सांभाळायला नालायक होता, ही दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंतचं अंतर मोठं आहे. ते चालून न जाता उडी मारली, की निरपराध माणसं चिरडली जातात.

हे मी वाढवून सांगत नाही. टोरांटोच्या एका नामांकित बालरुग्णालयाशी जोडलेली मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. आईवडील व्यसनी आहेत का हे ठरवण्यासाठी बालकल्याण यंत्रणा त्यांच्या केसांचे नमुने तिथे पाठवत असत. केसांत महिन्यामहिन्यांचा इतिहास साठतो, असा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नाही. पण २००५ ते २०१० या काळात ही प्रयोगशाळा एलायझा ही प्राथमिक चाचणी करायची आणि तोच अंतिम निकाल म्हणून कळवायची. मास स्पेक्ट्रोमीटर या अचूक यंत्रावर पडताळणी व्हायची नाही. तो कागद न्यायालयात जायचा. आई कळवळून सांगायची, मी घेत नाही हो. पण तिच्या शब्दापुढे कागद जड ठरायचा. २०१५ च्या अखेरीस निवृत्त न्यायमूर्ती सुसान लँग यांच्या चौकशीने हे निकाल बालसंरक्षणाच्या किंवा फौजदारी खटल्यांत वापरण्याजोगे नव्हते, असं स्पष्ट म्हटलं. पुढच्या आयोगाने १,२७१ प्रकरणं तपासली. त्यांतल्या ५६ प्रकरणांत या चाचणीने निकालाला निर्णायक वळण दिल्याचं त्याला आढळलं. २०१८ मध्ये अहवाल आला तोवर बरीच मुलं दत्तक जाऊन मोठी झाली होती. परत मिळाली ती अगदी थोड्यांना.

 तिथे मोठी चूक झाली ती ही: पहिली पायरी शेवटची मानली. म्हणून ती पहिली पायरी नीट समजून घेऊ.

प्राथमिक चाचणीत प्रतिपिंडं वापरतात. ठरावीक रेणूला चिकटेल असं प्रतिपिंड तयार केलेलं असतं, आणि नमुन्यात तो रेणू असला की रंग किंवा रेघ बदलते. चाचणी स्वस्त असते, मिनिटांत होते, शेकडो नमुने हाताळता येतात. तिची गरज आहेच. पण प्रतिपिंड अख्खा रेणू वाचत नाही. रेणूच्या आकाराचा एखादा कोपरा त्याला कळतो. तसाच कोपरा असलेला दुसरा रेणू आला, तरी ते चिकटतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, रक्तदाबावरचं लॅबेटॅलॉल, पित्तावर आपल्याकडे वर्षानुवर्षं घरोघरी घेतलं गेलेलं रॅनिटिडिन यांनी लघवीच्या चाचणीत अॅम्फेटामिनचा खोटा इशारा दिल्याच्या नोंदी आहेत.

उलट बाजू तितकीच गंभीर आहे. ज्याला रस्त्यावर एमडी किंवा म्याव-म्याव म्हणतात ते मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा जो साठा पकडला त्याने सगळं राज्य हादरलं. हे मेफेड्रोन अॅम्फेटामिनच्या अनेक साध्या किटना दिसतच नाही. रेणूत एक ऑक्सिजन जास्त, तेवढ्याने प्रतिपिंड हुकतं. म्हणजे सर्दीची गोळी घेतलेला कारकून अडकतो आणि एमडी घेतलेला मुलगा सुटतो. आईबाप किटची स्वच्छ पट्टी बघून सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते.

आता मास स्पेक्ट्रोमीटर. हे यंत्र रंग बघत नाही, आकार चाचपत नाही. ते रेणूचं वजन करतं. वजन करायला रेणूवर विद्युतभार हवा. भार आला की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात तो वळवता येतो, आणि किती वळला यावरून वस्तुमान कळतं. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास याच मार्गाने निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू असल्याचं पाहिलं. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ मध्ये उपकरण अचूक केलं आणि १९२२ चं नोबेल मिळवलं. त्या काळी हे भौतिकीचं काम होतं, रक्ताबिक्ताशी त्याचा संबंध नव्हता. पन्नाशीच्या दशकात गॅस क्रोमॅटोग्राफला हे यंत्र जोडलं गेलं आणि मिश्रणातला एकेक घटक सुटा करून तोलता येऊ लागला. पण त्यासाठी पदार्थाची वाफ व्हावी लागे. मॉर्फिनसारखा रेणू सहज वाफ होत नाही, त्याला आधी रासायनिक कपडे चढवावे लागत. ही अडचण सुटली ती जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेमुळे. द्रव एका बारीक सुईतून तीन-चार हजार व्होल्टच्या दाबाखाली फवारला, की थेंब उडत जाता जाता सुकतात आणि रेणू भार घेऊन अखंड बाहेर पडतो. फेन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी, १९७८ मध्ये, मिशिगन राज्य विद्यापीठात रिचर्ड यॉस्ट आणि क्रिस्टी एन्के यांनी वजनाच्या दोन चाळण्यांमध्ये रेणू फोडायची एक कोठडी बसवली. आजच्या विषविज्ञान प्रयोगशाळेचं रोजचं काम या दोन कल्पनांवर चालतं.

ते काम जवळून दाखवतो, कारण विश्वास ठेवायचा की नाही हे त्यावरूनच ठरतं.

नळी प्रयोगशाळेत येते तेव्हा पहिल्यांदा तिच्यावरचं लाखेचं सील आणि सोबतच्या पत्रावरचा नमुना ठसा जुळतो का ते बघतात. नळीला करडं बूच असावं लागतं. करडं म्हणजे आत सोडियम फ्लोराइड आहे. रक्त नळीत आलं म्हणून निर्जीव होत नाही, त्यातली विकरं काम करतच राहतात आणि कोकेन नळीतच तुटत जातं. फ्लोराइड त्यांना आवर घालतं. मग त्यातलं अर्धा मिलिलिटर रक्त मोजून घ्यायचं आणि पहिल्याच क्षणी त्यात साक्षीदार सोडायचा. मॉर्फिन शोधायचं असेल तर असं मॉर्फिन, ज्याच्या तीन हायड्रोजनांच्या जागी तीन ड्युटेरियम बसवलेत. रासायनिक वागणूक तीच, वजन फक्त तीनने जास्त. पुढच्या प्रत्येक पायरीवर खऱ्या मॉर्फिनचं जे होईल तेच याचं होणार. काही सांडलं तर दोघंही सारखेच सांडणार, रक्तातल्या चरबीने सुईपाशी अडवलं तर दोघंही सारखेच अडणार. शेवटी दोघांचं गुणोत्तर बघायचं. किती सोडलं होतं ते ठाऊक असल्यामुळे किती होतं तेही कळतं. मला या शास्त्रातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट कुठली वाटते असं विचाराल, तर ही. आपल्या हातून काहीतरी निसटणार हे गृहीत धरून काम सुरू होतं.

त्यानंतर थंडगार अॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवतात. रक्ताचा लाल रंग तळाशी चॉकलेटी गठ्ठ्यात जातो आणि वर स्वच्छ द्रव उरतो. सेंट्रिफ्यूज करून तो वेगळा काढायचा, नायट्रोजनच्या झोतात सुकवायचा, उरलेलं थोड्याशा द्रावकात पुन्हा उचलायचं आणि यंत्रात द्यायचं. जेमतेम बोटभर लांबीच्या नळकांड्यातून, म्हणजे कॉलममधून, घटक एकेक करून बाहेर पडतात. प्रत्येकाची बाहेर पडायची वेळ ठरलेली. मग तो पहिल्या चाळणीत येतो. कोकेनच्या शोधात असू तर ३०४ वजनाचेच आयन पुढे सोडायचे. कोठडीत ते वायूवर आदळतात आणि फुटतात. दुसऱ्या चाळणीत बघायचं की १८२ वजनाचा तुकडा आला का, ८२ चा आला का, आणि त्या दोघांचं एकमेकांशी प्रमाण शुद्ध कोकेन फोडल्यावर येतं तेवढंच, बहुधा २० ते ३० टक्क्यांच्या फरकात, आहे का. वेळ जुळली, वजन जुळलं, दोन्ही तुकडे जुळले, तुकड्यांचं प्रमाण जुळलं, तरच कोकेन. एकही चुकलं तर नाही. मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन या दोघांचं वजन अगदी सारखं आहे, म्हणून एकट्या वजनावर कुणी निर्णय देत नाही. आणि जास्त मात्रेच्या नमुन्यानंतर कोरा नमुना चालवायचा, कारण आधीच्याचा अंश सुईत राहून पुढच्या माणसाच्या माथी बसू शकतो.

किती बारीक शोध चालतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये वाहनचालकाच्या रक्तात गांजातल्या टीएचसीची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त धरलं तर सगळे मिळून १० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. त्याचा सहावा हिस्सा शरीरातल्या सबंध रक्तात विरघळलेला, आणि तो अर्ध्या मिलिलिटरमधून ओळखायचा.

एवढं नेमकं यंत्र हाती आल्यावर प्रश्न मिटायला हवेत. ते मिटत नाहीत, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या दिवाळीच्या फराळात आहे. अनारशाला लावतो ती खसखस अफूच्या बोंडातलंच बी. बोंडाच्या चिकाचा अंश बियांना लागलेला असतो, म्हणून भरपूर खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. नशा येत नाही, पण मॉर्फिन असतं. मास स्पेक्ट्रोमीटर इथे आरोप खोडून काढणार नाही, कारण मॉर्फिन खरोखरच आहे. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या चाचणीत याच कारणाने १९९८ मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २,००० वर नेली गेली. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही शरीरात अंशतः मॉर्फिनच होतं. मग गर्दुल्ला कोण आणि अनारसे खाणारा कोण, हे कसं ओळखायचं?

उत्तर आहे, पण त्याला वेळेचं बंधन आहे. हेरॉईन रक्तात गेलं की दोन ते सहा मिनिटांत निम्मं होतं. त्यापासून सहा-मोनोअॅसिटिलमॉर्फिन नावाचा पदार्थ बनतो. तोही पुढच्या काही मिनिटांत निम्मा होत होत काही तासांत रक्तातून नाहीसा होतो, आणि उरतं ते मॉर्फिन. हा मधला पदार्थ खसखशीतून येत नाही, कोडीनमधून येत नाही, रुग्णालयातल्या मॉर्फिनच्या इंजेक्शनमधूनही येत नाही. तो सापडला तर हेरॉईन घेतलं होतं असं ठामपणे म्हणता येतं. नाही सापडला तर घेतलं नव्हतं, असं म्हणता येत नाही. अटक संध्याकाळी, रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी, असं झालं की सगळ्यात मोलाची साक्ष निघून गेलेली असते. कुठलंही महागडं यंत्र ती परत आणू शकत नाही.

आता मात्रेकडे येऊ. दारूच्या बाबतीत आपला कायदा आकडा देतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त. अमली पदार्थांच्या बाबतीत त्याच कलमात आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत अमलाखाली असणं, अशी भाषा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून एकेका पदार्थाला आकडा दिला गेला: कोकेनला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, मॉर्फिनला ८०, डायझेपामला ५५०. हे आकडे एकाच तत्त्वावर ठरलेले नाहीत. औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या पदार्थांची मर्यादा अपघाताच्या धोक्यावर बेतली आहे. बेकायदा पदार्थांची मुद्दाम खाली ठेवली आहे, म्हणजे 'घेतलेलंच चालणार नाही' या अर्थाने. दोन्ही धोरणं समजण्यासारखी आहेत. पण कोकेन १० च्या वर म्हणजे चालक बेभान होता, असा अर्थ त्यातून निघत नाही.

गांजाचं तर अवघडच आहे. ओढल्यावर काही मिनिटांत टीएचसी शिगेला पोचतं आणि तीन-चार तासांत अगदी थोडं उरतं. पण रोज ओढणाऱ्याच्या चरबीत ते साठतं आणि थांबवल्यावरही दिवसेंदिवस रक्तात झिरपत राहतं. म्हणजे नवखा माणूस झिंगलेला असून आकडा छोटा, आणि सराईत माणूस शुद्धीवर असून आकडा त्याच्याएवढाच, असं होऊ शकतं. त्यात आपल्याकडे भांग. एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्याशिवायची पानं त्यात येत नाहीत. भांग पानांची, म्हणून तिचा कारभार राज्याच्या दारूबंदी कायद्याकडे. होळीला थंडाई प्यालेल्याच्या आणि चिलीम ओढलेल्याच्या रक्तात यंत्राला दिसणारा रेणू मात्र एकच. पान की फूल, हे रक्त सांगू शकत नाही. अहवाल लिहिणाऱ्याने ते सांगण्याचा मोह टाळला पाहिजे आणि वाचणाऱ्याने तशी अपेक्षा करू नये.

या सगळ्याच्या पलीकडे प्रश्न उरतो तो माणसांचा. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या एका खासगी प्रयोगशाळेत गुणवत्ता-नियंत्रणाची आकडेवारी कर्मचाऱ्यांनी फिरवल्याचा संशय पुढे आला. दहा हजारांहून अधिक निकाल संशयाच्या छायेत आले. त्यांतले बहुतेक वाहनचालकांच्या रक्ताचे होते. यंत्रं उत्तम होती, पद्धती मान्यताप्राप्त होत्या. नियंत्रणाचे आकडे जुळले नाहीत की थांबायला हवं; तिथे कुणीतरी थांबलं नाही, असा तो संशय होता. आणि आपल्याकडे, १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. ही अदलाबदल उघडकीला आली डीएनए तपासणीमुळे, असं पोलीस म्हणतात. निवाडा न्यायालय करील. तिथे प्रश्न दारूचा होता, पण मुद्दा आपलाच. मास स्पेक्ट्रोमीटर नळीतल्या द्रवाबद्दल बोलतो. नळीत रक्त कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगतात दंडातून रक्त काढणारा डॉक्टर, चिठ्ठीवर सही करणारी परिचारिका, मुद्देमाल कारकून आणि पेटी घेऊन जाणारा हवालदार.

सापडलं, पडताळलं, नमुनाही त्याचाच, तरीसुद्धा तो माणूस कोण हे ठरायचंच असतं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं आणि त्यातून पुढे पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, हे या सभागृहाला सांगायला नको. एनडीपीएस कायद्याचं कलम २७ सेवनाला शिक्षा सांगतं, पण त्याच कायद्याचं ६४ अ हे कलम उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देतं. मला हे दुसरं कलम वकिलांच्या, पोलिसांच्या आणि आईबापांच्या तोंडी जास्त वेळा ऐकायला आवडेल. पडताळलेला अहवाल तुरुंगाच्या दारापर्यंत नेतो तसा तो उपचाराच्या दारापर्यंतही नेऊ शकतो. त्यासाठी आधी तो खरा असायला हवा.

म्हणून दोन-तीन मागण्या करतो. प्राथमिक चाचणीचा निकाल पडताळणी होईपर्यंत कुणीही, विशेषतः वार्ताहर परिषदेत, जाहीर करू नये. अहवालात नुसतं 'आढळले' न लिहिता कुठल्या पद्धतीने, किती मात्रेत आणि किती मात्रेपर्यंत पद्धत खात्रीने मोजू शकते, हे छापावं. इंग्लंडमध्ये चालकाच्या रक्ताचे दोन भाग करतात आणि त्याने मागितला तर दुसरा भाग त्याला देतात, स्वतःच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला. आपल्याकडच्या प्रत्येक अशा नमुन्याला तसा दुसरा भाग असावा आणि तो मागण्याचा हक्क त्या माणसाला अटकेच्या वेळीच, त्याला कळेल अशा मराठीत, सांगितला जावा.

आणि शेवटची मागणी फ्रीजची आहे. मेफेड्रोन आणि त्याच्या कुळातले रेणू नाजूक असतात. फ्लोराइड नसलेल्या नळीत, उन्हाळ्याच्या तापमानात पडून राहिले तर विघटित होतात, आणि मग मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल प्रामाणिकपणे 'आढळले नाही' असंच म्हणणार. नवी यंत्रं आली की बातमी होते, उद्घाटन होतं, आणि ती यायलाच हवीत. पण त्या यंत्रापर्यंत नमुना शाबूत पोचायला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मुदत न संपलेल्या करड्या बुचाच्या नळ्या, कुलूप लागणारा एक फ्रीज, त्याच्या तापमानाची दिवसातून दोनदा नोंद, आणि विभागीय प्रयोगशाळेकडे निघालेल्या हवालदाराच्या हातात बर्फाची पेटी, एवढं लागतं. हा खर्च कुठल्याही जिल्ह्याच्या या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसण्यासारखा आहे.